ताऱ्याशेजारचा ग्रह दिसेल कसा?

१९९५ साली मिशेल मेयर आणि दिदिए केलो या स्विस शास्त्रज्ञांनी ५१ पेगासी या ताऱ्याभोवती फिरणारा एक ग्रह शोधून काढला. सूर्यासारख्या दुसऱ्या एखाद्या ताऱ्यालाही ग्रह असतात याचा तो पहिला खात्रीलायक पुरावा होता. या शोधासाठी २०१९ मध्ये त्या दोघांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. दरम्यानच्या काळात अशा ग्रहांची यादी वाढत गेली आणि २०२५ मध्ये तिने सहा हजारांचा आकडा ओलांडला.

पण गंमत अशी, की या सहा हजारांपैकी बहुतेक ग्रह कोणी पाहिलेलेच नाहीत. ग्रहाच्या ओढीमुळे तारा किंचित मागेपुढे डुलतो. ते डुलणे वर्णपटात टिपता येते. किंवा ग्रह ताऱ्यासमोरून सरकतो तेव्हा ताऱ्याचा उजेड किंचित मंदावतो; तेही मोजता येते. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे अग्नी असलाच पाहिजे, असे आपल्याकडे न्यायशास्त्रात शिकवीत असत. त्याच जातीचे हे अनुमान. अनुमान पक्के आहे, पण अग्नी डोळ्यांनी पाहिलेला नाही. ज्यांचे खरोखरीचे छायाचित्र घेता आले असे ग्रह जेमतेम काही डझन आहेत.

मग छायाचित्र हवेच कशाला? केवळ हौस म्हणून नव्हे. ग्रहाचा प्रकाश ताऱ्याच्या प्रकाशापासून वेगळा काढता आला, की तो वर्णपटमापकात घालता येतो. त्यातल्या काळ्या पट्ट्यांवरून ग्रहाच्या वातावरणात पाण्याची वाफ आहे का, मिथेन आहे का आणि मुख्य म्हणजे ऑक्सिजन आहे का, हे कळू शकते. आपल्या पृथ्वीवरचा ऑक्सिजन वनस्पती आणि शैवाले सतत तयार करतात म्हणून टिकून आहे. दुसऱ्या एखाद्या खडकाळ ग्रहावर ऑक्सिजन आणि मिथेन एकत्र सापडले, तर तिथे जीवसृष्टी असण्याची शक्यता फार गंभीरपणे घ्यावी लागेल. या प्रश्नाचे उत्तर ग्रहाच्या चिमूटभर प्रकाशात दडलेले आहे. तो प्रकाश वेगळा कसा काढायचा, हे या लेखात पाहू या.

प्रश्न किती अवघड आहे?

प्रथम थोडे गणित करू. ते दहावीच्या विद्यार्थ्यालाही जमेल असे आहे. सूर्याचा प्रकाश सर्व दिशांना सारखा पसरतो. पृथ्वीच्या कक्षेपर्यंत पोहोचेपर्यंत तो १५ कोटी किलोमीटर त्रिज्येच्या गोलावर वाटला गेलेला असतो. त्यातला पृथ्वीच्या वाट्याला किती येतो? पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,४०० किलोमीटर. तिच्या वर्तुळाकार छायेचे क्षेत्रफळ भागिले त्या प्रचंड गोलाचे क्षेत्रफळ केले, की उत्तर येते सुमारे दोन अब्जांत एक. त्यातला सुमारे ३० टक्केच प्रकाश पृथ्वी परत फेकते. म्हणजे दूरवरून पाहणाऱ्याला पृथ्वी सूर्याच्या साधारण दहा अब्जांश एवढी तेजस्वी दिसेल. दहा अब्ज म्हणजे एक हजार कोटी! गुरूचे गणित याच रीतीने केले तर सुमारे एक अब्जात एक असे उत्तर येते.

आता अंतर पाहू. आकाशातील कोन मोजण्यासाठी एका अंशाचे ३६०० भाग करतात. त्यातल्या एका भागाला विकला म्हणतात. चंद्राचे बिंब सुमारे १८०० विकला रुंद दिसते. आपली सूर्यमाला ३२.६ प्रकाशवर्षांवरून पाहिली, तर सूर्य आणि पृथ्वी यांच्यात जास्तीत जास्त एक दशांश विकलेचे अंतर दिसेल. दोन सेंटिमीटरचे नाणे एकेचाळीस किलोमीटरवरून जेवढे दिसेल, तेवढा हा कोन. या दोन्ही अडचणी एकदम पार करायच्या आहेत: शेजारी दहा अब्जपट तेजस्वी दिवा आणि मध्ये नाण्याएवढे अंतर.

यातली अंतराची अडचण तशी फारशी मोठी नाही. हबल दुर्बिणीचा आरसा २.४ मीटर व्यासाचा आहे आणि तिला हिरव्या-पिवळ्या प्रकाशात सुमारे ०.०६ विकला अंतरावरचे दोन सारखे तेजस्वी तारे वेगळे दाखवता येतात. मग अडते कुठे? अडते ते 'सारखे तेजस्वी' या शब्दांपाशी.

तारा ठिपका का राहत नाही?

प्रकाश ही लाट आहे. कोणतीही लाट एखाद्या झरोक्यातून जाताना कडांपाशी वळते आणि पसरते. यालाच आपण विवर्तन म्हणतो. दोन बोटे डोळ्यासमोर धरून त्यांच्यात अगदी बारीक फट ठेवा आणि फटीतून लांबच्या दिव्याकडे पाहा. फटीत काळ्या उभ्या रेषा दिसतील. रात्री छत्रीच्या कापडातून रस्त्यावरचा दिवा पाहिला तर दिव्याभोवती ठिपक्यांची फुली दिसते. ही सारी विवर्तनाचीच रूपे.

दुर्बिणीचे तोंड हाही एक झरोकाच. त्यामुळे कितीही निर्दोष आरसा घेतला तरी तारा नाभीपाशी बिंदू म्हणून उमटत नाही. मध्ये एक तेजस्वी चकती आणि तिच्याभोवती एकाबाहेर एक फिकट होत जाणारी कडी, असे चित्र तयार होते. याचे गणित इंग्लंडचे जॉर्ज एअरी यांनी १८३५ मध्ये मांडले, म्हणून त्याला एअरीचे चित्र म्हणतात. ताऱ्याचा सुमारे ८४ टक्के प्रकाश मधल्या चकतीत असतो, उरलेला कड्यांत. पहिले कडे मध्यबिंदूच्या तेजाच्या १.७५ टक्के इतके उजळ असते.

पावणेदोन टक्के म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण आपला ग्रह आहे दहा अब्जात एक! म्हणजे पहिले कडेच ग्रहापेक्षा सुमारे साडेसतरा कोटी पट तेजस्वी झाले. बाहेरची कडी हळूहळू मंद होतात खरी, पण फारच हळू. मध्यापासूनचे अंतर दुप्पट केले तर त्यांचे तेज एक अष्टमांश होते. या हिशेबाने कडी दहा अब्जांशापर्यंत उतरायला हबलच्या बाबतीत ताऱ्यापासून ४० विकलांहून अधिक दूर जावे लागेल. आपल्याला तर ०.१ विकलेवर पाहायचे आहे. निव्वळ आरसा मोठा करून हे साधायचे म्हटले, तर आरसा सुमारे एक किलोमीटर व्यासाचा लागेल.

तेव्हा मोठी दुर्बीण हा या प्रश्नाचा पुरा उपाय नव्हे. दुर्बिणीत शिरलेल्या प्रकाशाला वळण लावावे लागते, त्याला आकार द्यावा लागतो. आम्हा संशोधकांची गेल्या तीन-चार दशकांची बरीचशी धडपड याच एका गोष्टीसाठी आहे.

ल्यो यांची युक्ती

या विद्येची सुरुवात ग्रहांपासून झाली नाही, सूर्यापासून झाली. २४ ऑक्टोबर १९९५ रोजी भारतातून दिसलेले खग्रास सूर्यग्रहण अनेक शिक्षकांना आठवत असेल. चंद्राने सूर्यबिंब झाकताच भोवती मोत्यासारखा शुभ्र किरीट दिसतो, त्याला करोना म्हणतात. तो नेहमीच तिथे असतो. पण सूर्यबिंबाच्या सुमारे दशलक्षांश तेजाचा असल्याने एरवी दिसत नाही.

ग्रहणाची वाट न पाहता करोना पाहता येईल का? फ्रान्समधील बर्नार ल्यो यांनी १९३० मध्ये पिरेनीज पर्वतातील पिक दु मिदी शिखरावरून तो पाहून दाखवला. त्यांच्या उपकरणाला करोनाग्राफ म्हणतात. दुर्बिणीच्या नाभीपाशी, जिथे सूर्याची प्रतिमा पडते तिथे, त्यांनी नेमकी तेवढीच एक अपारदर्शक चकती बसवली. हे झाले कृत्रिम ग्रहण. पण तेवढ्याने भागत नाही. भिंगाच्या कडेवर वळलेला प्रकाश चकतीला बगल देऊन पुढे निसटतोच.

ल्यो यांची खरी बुद्धिमत्ता पुढच्या पायरीत आहे. चकतीच्या मागे त्यांनी आणखी एक भिंग ठेवले. हे भिंग दुर्बिणीच्या तोंडाचीच प्रतिमा तयार करते. त्या प्रतिमेत एक चमत्कारिक गोष्ट दिसते. मधला भाग जवळजवळ काळा आणि कडेला एक झळझळीत कडे! निसटलेला प्रकाश कडेवरून आला होता, म्हणून प्रतिमेतही तो कडेलाच गोळा होतो. तिथे थोडे लहान छिद्र असलेला पत्रा बसवला, की हे कडे अडते आणि मधला भाग तेवढा पुढे जातो. करोनाचा प्रकाश मात्र चकतीच्या बाजूने आलेला असल्याने भिंगभर सारखा पसरलेला असतो; त्यातला थोडासाच पत्र्यावर वाया जातो.

म्हणजे चोर आणि साव एकाच दारातून आत आले, तरी पुढच्या खोलीत ते वेगवेगळ्या जागी उभे राहतात. चोरांच्या जागेवर पहारा बसवला, की काम झाले.

आपल्या आदित्य-एल १ या यानावरचे मुख्य उपकरण याच घराण्यातले आहे. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने बांधलेला तो करोनाग्राफ आहे. हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी आपल्या ठरलेल्या जागी पोहोचले.

ताऱ्यांसाठीही ल्यो यांची युक्ती उपयोगी पडली. ब्रॅडफर्ड स्मिथ आणि रिचर्ड टेरिल यांनी १९८४ मध्ये चिलीतील लास कॅम्पानास वेधशाळेतून बीटा पिक्टोरिस या ताऱ्याला करोनाग्राफने झाकले. तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना धुळीची लांबच लांब तबकडी दिसली. ग्रह जिथे घडतात तसल्या तबकडीचे ते पहिले छायाचित्र ठरले. पण पृथ्वीसारखा ग्रह दिसायचा, तर दशलक्षांशावरून दहा अब्जांशावर उतरायला हवे होते.

कडा मऊ करण्याचा मार्ग

कडी मुळात तयारच का होतात, हे नीट समजले की पुढचा उपाय आपोआप सुचतो. ध्वनीचे एक उदाहरण घेऊ. तानपुऱ्याच्या ध्वनिमुद्रणाचा मधलाच तुकडा कापून ऐकवला, तर सुरुवातीला आणि शेवटी 'टक्' असा आवाज येतो. मूळ सुरात तो 'टक्' नव्हता. अचानक कापल्यामुळे तो निर्माण झाला. तोच तुकडा हळूहळू मोठा करत सुरू केला आणि हळूहळू लहान करत थांबवला, तर 'टक्' नाहीसा होतो.

दुर्बिणीच्या तोंडाशी अगदी हेच घडते. आरशाच्या आत पूर्ण उजेड आणि कडेबाहेर एकदम अंधार. हा अचानकपणा म्हणजेच प्रकाशातला 'टक्', आणि एअरीची कडी हा त्याचा परिणाम. उजेड मध्यभागी पूर्ण ठेवून कडेकडे हळूहळू मावळता केला तर कडी विरून जातात. त्यासाठी घंटेच्या आकाराचा आलेख फार सोयीचा. आरशावरचा उजेड या आलेखाप्रमाणे असेल तर नाभीपाशीही घंटेच्याच आकाराचा, कड्यांविना ठिपका मिळतो. या क्रियेचे पाश्चात्त्य भाषांतले नाव ग्रीक शब्दावरून आले आहे आणि त्याचा अर्थ आहे 'पाय काढून टाकणे'. ताऱ्याच्या प्रतिमेला फुटलेले पाय छाटायचे, ही कल्पना.

हे प्रत्यक्षात करायचे तीन मार्ग पाहू.

पहिला मार्ग सरळ आहे. मध्ये पारदर्शक आणि कडेकडे धुरकट होत जाणारी काच बसवायची. पण इतक्या अचूक धुरकटपणाची काच बनवणे कठीण, आणि प्रत्येक रंगाला ती सारखीच धुरकट असेल असेही नाही.

दुसरा मार्ग अधिक चतुर आहे. धुरकटपणा नकोच, झरोक्याचा आकारच बदलायचा. धातूच्या पत्र्यात गोल छिद्राऐवजी दोन्ही टोकांना निमुळते होत जाणारे, मांजराच्या डोळ्यासारखे छिद्र कापले, तर एका दिशेने पाहता उजेड हळूहळू मावळल्यासारखाच होतो. त्या दिशेला गडद अंधार मिळतो; नको असलेला प्रकाश दुसऱ्या दिशेला ढकलला जातो. प्रिन्स्टन विद्यापीठातील डेव्हिड स्पर्जेल, जेरेमी कॅस्डिन आणि रॉबर्ट व्हँडरबाय यांनी २००१ नंतर अशा आकारांचे गणित विकसित केले. पत्रा प्रत्येक रंगाला सारखाच अपारदर्शक, हा याचा मोठा गुण. उणीव अशी, की अंधार फक्त काही दिशांनाच मिळतो. ग्रह दुसरीकडे असेल तर मुखवटा फिरवून पुन्हा पाहावे लागते.

पण या दोन्ही मार्गांत एक मोठा तोटा आहे: प्रकाश वाया जातो. तो किती महाग पडतो हे पाहायचे तर ग्रहाकडून येणारे प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, मोजावे लागतील. ३२.६ प्रकाशवर्षांवरच्या पृथ्वीकडून हिरव्या-पिवळ्या रंगपट्ट्यात २.४ मीटरच्या आरशावर साधारण वीस सेकंदांना एक फोटॉन येतो. मुखवट्याने तीन चतुर्थांश प्रकाश अडवला, तर ऐंशी सेकंदांना एक. एवढ्या तुटपुंज्या मिळकतीतून पुढे वर्णपटाचे तुकडे करायचे आहेत. ज्याच्या घरी घागरभर पाणी येते त्याने थोडे सांडले तर चालते. इथे थेंब थेंब जमवायचा आहे.

म्हणून तिसरा मार्ग महत्त्वाचा ठरतो. तो ओलिव्हिए गुयों यांनी २००३ मध्ये सुचवला. त्यांचे काम हवाई बेटावरील जपानच्या ८.२ मीटर सुबारू दुर्बिणीवर चालते. त्यांची कल्पना अशी: प्रकाश अडवायचाच कशाला? तो आतल्या आत सरकवावा. एकापुढे एक असे दोन खास घडवलेले आरसे घ्यायचे. पहिल्या आरशाची वक्रता अशी, की कडेचे किरण तो थोडे आत वळवतो. त्यामुळे दुसऱ्या आरशावर पोहोचेपर्यंत प्रकाश मध्ये दाट आणि कडेला विरळ झालेला असतो. पण किरणांच्या दिशा आता बिघडलेल्या असतात. दुसऱ्या आरशाचा आकार त्या दिशा पुन्हा समांतर करतो आणि सर्व किरणांचे एकूण अंतरही सारखे राखतो. तव्यावर पसरलेले पीठ उलथन्याने मध्यभागी ढीग करावे, कणही न सांडता, तसा हा प्रकार. उजेडाचा आलेख घंटेसारखा झाला, कडी गेली आणि फोटॉन मात्र जवळजवळ सगळे शिल्लक राहिले.

अर्थात फुकट काहीच मिळत नाही. हे आरसे कडेपाशी फार वेडेवाकडे वळलेले असतात. ते घासून तयार करणे अवघड. शिवाय मध्यावरचा तारा नीट उमटला, तरी बाजूच्या ग्रहाची प्रतिमा विस्कटते. मग ताऱ्याला चकतीने अडवल्यावर त्याच आरशांची उलटी जोडी लावून ग्रहाची प्रतिमा पूर्ववत करावी लागते.

नाभीत ताऱ्याला खोडणे

आणखी एक घराणे थोडक्यात पाहू. ताऱ्याला अडवण्याऐवजी त्याच्या लाटेने त्याच्याच लाटेला खोडायचे. नाभीपाशी काळ्या चकतीऐवजी एक पारदर्शक काच ठेवतात. तिचे चार चौकोनी भाग केलेले असतात आणि समोरासमोरच्या दोन भागांतून जाणारी लाट अर्ध्या तरंगलांबीने मागे पडते. तारा बरोबर चौकात ठेवला, की त्याची अर्धी लाट शिखरावर असताना उरलेली अर्धी दरीत असते. दुर्बिणीच्या तोंडाच्या पुढच्या प्रतिमेत त्यांची वजाबाकी होऊन मधला भाग काळा पडतो आणि उजेड बाहेर फेकला जातो. तिथे ल्यो यांचा पत्रा त्याला अडवतो. ग्रह मात्र चारांपैकी एकाच भागात पडलेला असल्याने तो खोडला जात नाही. ही कल्पना फ्रान्सचे डॅनिएल रुआँ यांनी २००० मध्ये मांडली.

चार टप्प्यांऐवजी हा विलंब जिन्याच्या गोल वळणासारखा सलग वाढवत नेला, तर त्याला भोवरा-करोनाग्राफ म्हणतात. २०१० मध्ये पालोमार येथील पाच मीटर दुर्बिणीच्या आरशाचा केवळ दीड मीटरचा भाग वापरून अशा भोवऱ्याने एच. आर. ८७९९ या ताऱ्याचे तीन ग्रह टिपले. हेच ग्रह २००८ मध्ये प्रथम सापडले, तेव्हा आठ आणि दहा मीटरच्या दुर्बिणी लागल्या होत्या. प्रकाशाला वळण लावण्याने काय साधते, त्याचा हा बोलका दाखला.

अणूहूनही लहान खड्डे

आतापर्यंत आपण आरसा निर्दोष आहे असे धरून चाललो. खरा आरसा तसा नसतो. त्याच्यावर अगदी सूक्ष्म लाटा राहतात. अशी प्रत्येक लाट ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक खोटा ठिपका निर्माण करते आणि तो हुबेहूब ग्रहासारखा दिसतो! असा ठिपका दहा अब्जांशापेक्षा मंद ठेवायचा, तर आरशावरच्या त्या लाटेची उंची सुमारे एक पिकोमीटर, म्हणजे मीटरचा एक लाख-कोटीवा भाग, यापेक्षा कमी हवी. हायड्रोजनच्या अणूचा व्यास सुमारे शंभर पिकोमीटर असतो. म्हणजे हा खड्डा अणूच्या शंभराव्या हिश्श्याचा झाला.

एवढा गुळगुळीत आरसा कोणी घासू शकत नाही. पण घासण्याऐवजी दुरुस्त करता येतो. एका पातळ लवचीक आरशामागे शेकडो-हजारो बारीक दट्टे बसवतात. विजेचा दाब कमी-जास्त करून प्रत्येक दट्टा नखभरही नव्हे, तर अणूच्या मापाने मागेपुढे करता येतो. खोटा ठिपका दिसला, की आरशावर त्याच्या नेमकी उलट लाट उठवायची, ठिपका विझतो. असे करत करत ताऱ्याशेजारी अंधाराची एक चौकट तयार करतात. अमेरिकेतील जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेत जॉन ट्रॉगर आणि वेस्ली ट्रॉब यांनी निर्वात टाकीत हे करून दाखवले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात उरलेला उजेड एक अब्जांशाच्याही खाली गेला होता.

जमिनीवरच्या दुर्बिणींपुढे याशिवाय वातावरणाची अडचण असते. तापल्या रस्त्यावर जशी हवा थरथरताना दिसते तशी ती रात्रीही थरथरते आणि ताऱ्याची प्रतिमा सतत विसकटते. चिलीतील आठ मीटर दुर्बिणीवरच्या 'स्फीअर' या उपकरणातील लवचीक आरसा म्हणूनच सेकंदाला हजाराहून अधिक वेळा आकार बदलतो.

आजवर काय दिसले आणि पुढे काय?

आजवर टिपलेले ग्रह बहुतेक गुरूपेक्षा कितीतरी मोठे, नुकतेच जन्मलेले आणि म्हणून अजून तापलेले आहेत. ते स्वतःच्याच उष्णतेने अवरक्त किरणांत चमकतात. तिथे ताऱ्याशी तुलना दहा अब्जाऐवजी लाखा-दहा लाखांची असते. जेम्स वेब दुर्बिणीने हा पल्ला वाढवला. बारा प्रकाशवर्षांवरील एप्सिलॉन इंडी या ताऱ्याभोवतीचा थंड, गुरूसारखा ग्रह तिने टिपल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. २०२५ मध्ये टी. डब्ल्यू. ए. ७ या ताऱ्याजवळ शनीएवढ्या वस्तुमानाचा ग्रह दिसला. हे दोन्ही शोध वेबवरच्या चार भागांच्या काचेने लावले.

नॅन्सी ग्रेस रोमन यांचे नाव दिलेल्या अवकाश दुर्बिणीवर मुखवट्याचा आणि ल्यो पद्धतीचा असे दोन्ही करोनाग्राफ आहेत. सोबत प्रत्येकी ४८ गुणिले ४८ दट्ट्यांचे दोन लवचीक आरसे आहेत. तिच्या उड्डाणाची मुदत मे २०२७ ठरवण्यात आली. एक कोटीत एक एवढा अंधार ही तिच्यासाठी किमान अट आहे. प्रत्यक्षात याहून बरीच सरस कामगिरी अपेक्षित आहे. त्यानंतरचे पाऊल म्हणजे सुमारे सहा मीटरची अवकाश दुर्बीण. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञांच्या समितीने २०२१ मध्ये तिची शिफारस केली. सुमारे पंचवीस राहण्याजोग्या ग्रहांचे वर्णपट घ्यावेत, हे तिचे उद्दिष्ट. तिच्या आरशावर आपल्या काल्पनिक पृथ्वीचा फोटॉन वीसऐवजी तीन-चार सेकंदांना एक असा येईल.

दुसरी एक वाट लहान ताऱ्यांची आहे. आपला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा याच्या ग्रहाचे अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या विसाव्या हिश्श्याएवढे आहे. पृथ्वीएवढ्या आकाराचा ग्रह एवढ्या जवळ असेल, तर त्याच्या वाट्याला येणारा प्रकाश चारशे पट वाढतो. तेव्हा दहा अब्जांत एकऐवजी साधारण दोन कोटींत एक एवढाच अंधार पुरेल. पण कोन मात्र ०.०४ विकलेपेक्षाही लहान होतो. त्यासाठी चिलीत उभी राहत असलेली ३९ मीटरची दुर्बीण हवी. एकीकडे सवलत मिळाली की दुसरीकडे किंमत मोजावी लागते.

आणि दुर्बिणीत प्रकाश शिरूच द्यायचा नाही, असाही एक विचार आहे. लायमन स्पिट्झर यांनी १९६२ मध्येच सुचवले होते, की दुर्बिणीपासून फार दूर एक पडदा तरंगता ठेवून तारा झाकावा. पडद्यालाही विवर्तन सुटत नाही, म्हणून त्याच्या कडा फुलाच्या पाकळ्यांसारख्या निमुळत्या असाव्या लागतात. तत्त्व तेच, कडा मऊ करण्याचे. याचा धाकटा भाऊ भारतातून उडाला आहे. युरोपीय संस्थेच्या प्रोबा-३ या दोन उपग्रहांना ५ डिसेंबर २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून आपल्या अग्निबाणाने वर नेले. त्यांतला एक सुमारे दीडशे मीटर अंतरावरून दुसऱ्यासाठी सूर्य झाकतो.

वर्गात करून पाहण्यासारखे

यातला गाभा शाळेतही दाखवता येतो. लागते ते एवढेच: कमी शक्तीचा लाल लेझर दिवा, अॅल्युमिनियमची चकाकी आणि बारीक सुई. लेझर कोणाच्याही डोळ्यांत जाणार नाही आणि चकचकीत वस्तूवरून परावर्तित होणार नाही, याची काळजी शिक्षकांनी स्वतः घ्यावी. लेझर स्टँडवर पक्का बसवावा.

सुईच्या टोकाने चकाकीला पाव मिलिमीटरचे गोल छिद्र पाडा. अंधाऱ्या खोलीत त्यातून लेझर चार मीटरवरच्या भिंतीवर टाका. सुमारे अडीच सेंटिमीटर व्यासाची चकती आणि तिच्याभोवती कडी दिसतील. हेच एअरीचे चित्र. आता थोडे मोठे छिद्र घ्या; चकती लहान होईल.

मग दाढीच्या ब्लेडांच्या दोन जोड्यांनी दोन बारीक फटी करा आणि त्या एकमेकींवर आडव्या-उभ्या ठेवून चौकोनी छिद्र बनवा. भिंतीवर फुली उमटेल. फुलीच्या हातांवर पहिला ठिपका मध्याच्या ४.७ टक्के तेजाचा असतो. कर्णाच्या दिशेने मात्र फक्त ०.२२ टक्के. प्रकाश तेवढाच, दिवा तोच. केवळ झरोक्याचा आकार बदलल्याने कर्णाच्या दिशेला वीसपट अधिक अंधार मिळाला.

शेवटी विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारावेत. फुलीच्या हाताखाली एखादा मंद ठिपका दडला असेल, तर तो दिसण्यासाठी काय कराल? आणि त्रिकोणी छिद्र घेतले तर भिंतीवर किती हात उमटतील? पहिल्याचे उत्तर वर येऊन गेले आहे. दुसऱ्याचे उत्तर आधी तर्काने काढावे आणि मग ब्लेडे जुळवून भिंतीला विचारावे.